इंजिन नंतर, आधी मागची फळी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

जुन्या फायबरच्या होडीला नवं, मोठं फोर-स्ट्रोक इंजिन बसवायचं तुझ्या मनात आहे, असं वहिनीकडून कळलं. बयाणा देण्याआधी हे पत्र वाच. इथे घरामागे मी जी जुनी होडी उघडून बसलो होतो, तिचं काम नुकतंच संपलं. त्यात जे कळलं ते फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात आधी मागची फळी बघ, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं ती. बाहेरून ती फायबरची दिसते, पण जुन्या होड्यांत आत बहुतेक प्लायवूडच असतो. बोल्टांची भोकं, कुठेतरी मारलेले स्क्रू, पाणी सोडायच्या बुचाची कड, यांतून पाणी झिरपत राहतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. मी छोट्या हातोडीने वरून खाली ठोकत गेलो. वरच्या कडेला आवाज टणक होता, बोल्टांच्या खाली एकदम बद्द झाला. मग इंजिन जागेवरच वर तिरकं करून त्याचं खालचं टोक धरून हलवलं, तर अख्खी फळी लवत होती आणि कोपऱ्यातली बारीक चीर डोळ्यांदेखत उघडत-मिटत होती. आतल्या बाजूचा फायबरचा थर कापून काढला, तर प्लाय काळा पडलेला. बोटाने उकरला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटून हातात येत होता. इंजिनाचं वजन आणि त्याचा सगळा जोर याच फळीवर येतो, दादा. तिथे ताकद नसेल तर नवं इंजिन लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

तुझीही कुजकी निघाली तर ठिगळ लावू नकोस. सगळा कुजका प्लाय काढ आणि सांगाडा पूर्ण वाळू दे, कितीही दिवस लागोत. मी बीएस १०८८ चा, म्हणजे मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा, शिक्का असलेला मरीन प्लाय वापरला, त्याचे थर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या रेझिनने, एकमेकांना चिकटवले, कडाही इपॉक्सीने बंद केल्या आणि मग काचेचं कापड फळीवरून होडीच्या तळावर आणि दोन्ही बगलांवर चढवलं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं खरं, पण जुन्या, वाळलेल्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. इपॉक्सीत मिसळायचा दुसरा भाग, हार्डनर, मात्र मोजूनच घाल. लवकर सुकावं म्हणून जास्त ओतलास तर ते कधीच नीट कडक होणार नाही.

बोल्टाची भोकं पाडायची एक पद्धत मला फार पटली. आधी मुद्दाम मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं. मग पाणी शिरलं तरी लाकडाला लागत नाही. फायबर घासताना चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

आता इंजिन. तुझं टू-स्ट्रोक इतक्यात मोडीत काढू नकोस. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घे. सगळे आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ आले तर इंजिनात अजून दम आहे. खालचं गीअर ऑइल सोडून बघ. दुधाळ निघालं तर शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून पाणी शिरतंय. पंखा (प्रोपेलर) काढून त्याच्या मागे शाफ्टवर गळाची तंगूस गुंडाळली गेलीय का ते नक्की पाहा, सील बऱ्याचदा तीच कापते. नवं ऑइल खालच्या भोकातून भर, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी पात्यांचं चाक (इम्पेलर) आणि पेट्रोलचे जुने पाइप न विचारता बदल. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असेल तेच धर. ५०:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली.

फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, आवाजही कमी करतं, हे मान्य. पण तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साधारण जास्त जड असतं. तुझी होडी हलक्या इंजिनासाठी बांधलेली आहे. मागे वजन वाढलं की ती मागून बसते आणि डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकंच पाण्याखाली जातात. शिवाय शाफ्टची लांबी जुळायला हवी. १५, २० आणि २५ इंच अशी मापं येतात, आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे.

पैसे उरले तर वायरिंगवर घाल. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि तळातलं पाणी उपसायला फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप, मेन स्विच बंद असला तरी चालेल असा जोडलेला. आणि पाण्यात पडलास तर इंजिन बंद करणारी दोरी रोज अंगाला अडकव. एकटा जातोस, म्हणून जास्त काळजी वाटते.

फळीची मधली उंची, वरच्या कडेपासून तळापर्यंत, मोजून कळव. हातोडी मारतानाचा व्हिडिओही पाठव, आवाजावरून मला अंदाज येईल. तोवर इंजिनवाल्याला थांबव.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
धाकटा