पाणी काय कमी पडलं होतं?

ऑरेम, युटा
रविवार दुपार

प्रिय सुधीर,

तुझं पत्र येऊन महिना झाला. "धर्म सोडला म्हणजे नेमकं केलंस काय रे?" एवढं विचारून तू पुढे पावसाचं आणि कांद्याच्या भावाचं लिहिलंस, पण मी त्या एका ओळीपाशीच अडलो. तीनदा लिहायला बसलो, तीनदा फाडलं.

कागदोपत्री म्हणशील तर २०१६ साली मॉर्मन चर्चला पत्र पाठवलं, सभासदांच्या यादीतून माझं नाव काढा म्हणून. काही आठवड्यांनी उत्तर आलं, काढलं. तुमच्याकडे रेशनकार्डावरचं नाव कमी करायला याहून जास्त खेटे घालावे लागतात. बाकी जे काही झालं ते त्याच्या आधी आणि नंतर.

आम्ही नगर सोडलं ते १९९३ साली, मी नऊ वर्षांचा होतो, तुला आठवत असेल. बाबांना इथल्याच प्रोव्होला पीएचडीसाठी प्रवेश मिळाला होता. पहिल्याच हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडला. सकाळी सहाला दार उघडलं तर तीन अनोळखी माणसं फावडी घेऊन आमचं अंगण साफ करत होती. शेजारचे मॉर्मन, जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढलेल्या ख्रिस्ती पंथाचे. (आता त्यांना हे नाव नकोसं झालंय. २०१८ पासून चर्चचं पूर्ण लांबलचक नाव घ्या म्हणतात. मी कुठलं घेतोय.) त्यांनी आईला गाडी शिकवली, ताईला शाळेत सोडलं, बाबांना बायबलमधल्या शंका विचारू दिल्या. वर्षाच्या आत आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्हाला कोणी फसवलं नाही, सुधीर. माणसं खरोखरच चांगली होती, आजही आहेत.

आजी तेवढी राहिली. "मी नगरची ख्रिस्ती आहे, मला तेवढं पुरतं," म्हणाली. तिच्या पणजोबांनी अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता, त्यासाठी भावकीने त्यांचं पाणी तोडलं होतं. एकदा एवढी किंमत मोजून झाल्यावर घराणं पुन्हा कशाला बदलायचं, असा तिचा हिशेब.

घरातला चहा मात्र गेला. जोसेफ स्मिथला १८३३ साली झालेल्या प्रकटीकरणात उष्ण पेयं वर्ज्य, म्हणजे चहा आणि कॉफी. आजीने आपल्या खोलीत विजेची किटली ठेवली. दाराच्या फटीला टॉवेल लावून ती दुपारी तीनला चहा करायची. टॉवेलने काय आल्याचा वास अडतो? दहा वर्षांचा मी बाहेर जिन्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायचो, हे स्वर्गीय पित्या, आजीचा चहा सोडव. माझं मराठी टिकलं ते तुझ्या पत्रांमुळे आणि त्याच खोलीत तिने वाचून घेतलेल्या मराठी बायबलमुळे, ही गंमत बघ.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन साक्ष द्यायची. त्या साक्षीत "माझा विश्वास आहे" असं सहसा कोणी म्हणत नाही. "मला माहीत आहे" म्हणतात. हे चर्च खरं आहे, मला माहीत आहे. जोसेफ स्मिथ संदेष्टा होता, मला माहीत आहे. चार वर्षांची पोरं माइकसमोर उभी असतात आणि आई मागून कानात एकेक वाक्य सांगते. मीही वीस वर्षं तेच म्हणत आलो. पुढची सगळी गोष्ट त्या एका क्रियापदाची आहे.

१९९६ साली, बारा वर्षांचा झाल्यावर, मला चर्चच्या मंदिरात नेलं. तिथे मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. दगडी बारा बैलांच्या पाठीवर मोठं कुंड, आत कोमट पाणी, मी पांढऱ्या कपड्यांत. आजोबा १९८९ मध्येच गेले होते. त्या दिवशी त्यांच्यासाठी मी पाण्यात गेलो. कुंडातल्या गृहस्थांना आजोबांचं नाव उच्चारता येईना. दोनदा अडखळले, म्हणून दोनदा बुडवलं. घरी येऊन मोठ्या अभिमानाने आजीला सांगितलं. बैल ऐकून म्हणाली, "पोळ्याचे का?" आणि मग कप खाली ठेवून, "अरे, त्यांचा बाप्तिस्मा नगरला झाला होता. पाणी काय कमी पडलं होतं?"

मी हसलो. आजीला कळत नाही, मला माहीत आहे.

एकोणिसाव्या वर्षी मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं, बोलावणं आलं, ब्राझील, रेसिफे. दोन वर्षं पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, सोबतीशिवाय एक पाऊल नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आजी फोनवर येऊन एवढंच विचारायची, "जेवलास का?" तिथले लोक मला तिथलाच समजायचे, त्यामुळे दारं लवकर उघडायची. एका टेकडीवरच्या वस्तीत एक गवंडी होता, काळा, पन्नाशीचा. आम्हाला कॉफी द्यायचा, आम्ही नको म्हणायचो, मग पेरूचा रस आणायचा. एकदा त्याने विचारलं, "१९७८ च्या आधी आलो असतो, तर मला काय मिळालं असतं?" त्याला कोणीतरी सांगितलं होतं की जून १९७८ पर्यंत आमच्या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना याजकपद नव्हतं. मी एका जुन्या पुस्तकात वाचलेलं उत्तर दिलं, जन्माआधीच्या जगात काही आत्मे कमी खंबीर ठरले, असं काहीतरी. तो बराच वेळ हातातल्या ग्लासाकडे बघत राहिला. तरी पुढच्या महिन्यात बाप्तिस्म्याला आला. मीच दिला. आठवड्याच्या अहवालात एक आकडा वाढला.

डिसेंबर २०१३ मध्ये चर्चने स्वतःच एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ही जुनी स्पष्टीकरणं, जन्माआधीच्या आत्म्यांचं धरून, आम्ही आता मानत नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. चर्चने हात झटकले, पण मी ते एका माणसाच्या तोंडावर बोललो होतो, त्याच्याच घरात, त्याचाच रस पीत. पुढच्या वर्षी जोसेफ स्मिथच्या बायकांवरचा निबंध आला. तीस ते चाळीस असाव्यात, सगळ्यात लहान मुलीला पंधरावं पुरं व्हायला काही महिने बाकी. आई म्हणाली, विरोधकांचं वाचू नकोस. म्हटलं, आई, हे आपलंच आहे. तिने कुकरची शिटी मोजायला सुरुवात केली.

त्यानंतर साक्षीला उठलो की "मला माहीत" इथवर यायचो आणि जीभ टाळ्याला चिकटायची. दोन वर्षं अशी काढली. (लग्न का जमलं नाही ते वेगळ्या पत्रात.)

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. आजी २००९ साली गेली. तेव्हा मी पक्का होतो. वर्ष सरल्यावर तिच्या नावाचा मंदिराचा अर्ज मीच भरला. जन्मगाव, नवऱ्याचं नाव, सगळं माझ्या अक्षरात. तिच्या वतीने पाण्यात ताई उतरली. जन्मभर जिने नाही म्हटलं, तिला आम्ही मेल्यावर हो म्हणायला लावलं. आमच्याकडे म्हणतात की पलीकडे गेलेला आत्मा ते नाकारू शकतो. तिने नाकारलं असेल, आणि किटली लावली असेल.

२००२ मध्ये ताईचं लग्न मंदिरात झालं, तेव्हा आजी बाहेर बाकावर बसली होती. परवाना नसलेल्याला आत जाता येत नाही. २०१८ मध्ये धाकटीच्या लग्नात मी बाहेर बसलो. शेजारी कोणा अमेरिकन नवऱ्या मुलाचे वडील होते, तेही माझ्यासारखेच. आम्ही दोघांनी मिळून शेंगदाण्याचं एक पाकीट संपवलं. फोटोसाठी सगळे बाहेर आले तेव्हा आईने माझा टाय सरळ केला, काही बोलली नाही.

दुपारी तीनला चहा करतो. आलं घालून. दाराला टॉवेल लावत नाही, पण आई येणार असेल तर भांडं आधी घासून ठेवतो. याला भित्रेपणा म्हणायचं की काय, तूच ठरव.

एक काम सांगतो. नगरच्या चर्चात जुनी रजिस्टरं असतील. आजोबांचा जन्म १९२१ चा, बाप्तिस्मा त्याच वर्षी किंवा पुढच्या. पाळकसाहेबांना विचारून ती नोंद सापडली तर फोटो काढून पाठव. घाई नाही, कांदा निघाल्यावर जा.

तुझा,
अजित