थंडरबर्डमधील कॅलेंडर आणि रंगांची वाटणी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, थंडरबर्डमध्ये तुमची मेल नीट येऊ लागली, याचा आनंद झाला. त्याच प्रोग्राममध्ये कॅलेंडरही आहे. २०२० पासून ते वेगळे बसवावे लागत नाही. माझा आग्रह इतकाच, की सगळ्या नोंदी एकाच कॅलेंडरात न भरता आरोग्य, पैसे आणि घर अशी तीन कॅलेंडरे करावीत व प्रत्येकाला आपला रंग द्यावा. आईचे वेगळे आणि तुमचे वेगळे, असे मात्र करू नका. दवाखान्यात तुम्ही दोघेही जाता, त्यामुळे तशी विभागणी टिकत नाही.

कॅलेंडरच्या चित्रावर क्लिक केल्यावर डावीकडे यादी दिसेल. तिथे माऊसचे उजवे बटण दाबून ‘न्यू कॅलेंडर’ आणि पुढे ‘ऑन माय कॉम्प्युटर’ निवडा, मग नाव व रंग द्या. रंग पुढे ‘प्रॉपर्टीज’मधून केव्हाही बदलता येतो. आरोग्याला लाल, पैशांना हिरवा आणि घराला निळा द्यावा, असे मला वाटते. आई, तुझा मोतीबिंदू वाढतो आहे आणि त्यात निळा-जांभळा एकसारखे दिसू लागतात, म्हणून जांभळा मुद्दाम टाळला आहे.

पैशांच्या कॅलेंडरात महावितरणचे बिल दर महिन्याला, व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म दर एप्रिलला आणि पेन्शनचा हयातीचा दाखला दर १ नोव्हेंबरला येईल, अशी नोंद ‘रिपीट’ लावून एकदाच करा. सोबत ‘रिमाइंडर’ही निवडा, तो आपोआप लागत नाही आणि थंडरबर्ड उघडे असेल तरच वाजतो, म्हणून सकाळच्या चहाच्या वेळी ते सुरू करून ठेवावे.

रंगांचा खरा उपयोग डिसेंबरात कळेल. आपल्या नागपुरातील विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या, की घराच्या कॅलेंडरात त्या ‘ऑल डे इव्हेंट’ म्हणून टाका. त्या दिवसांवर निळी पट्टी पसरेल, आणि धंतोलीतल्या डॉक्टरांची लाल नोंद त्यातच आली, तर मोर्चांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते बंद होण्याआधीच तुम्हाला दवाखान्यात फोन करून दुसरी तारीख मागता येईल. ती मिळाली, की लाल नोंद माऊसने धरून नव्या दिवसावर नेऊन सोडायची.

प्रत्येक नोंदीला ‘कॅटेगरी’ही देता येते आणि तिचाही रंग कडेला दिसतो, पण सध्या त्यात पडू नका, एका नोंदीवर दोन रंग आले, की गोंधळ होतो.

हे कॅलेंडर फक्त त्या संगणकातच राहते. म्हणून महिन्यातून एकदा तिन्ही कॅलेंडरे ‘एक्स्पोर्ट’ करून त्या फाइली मला मेलने पाठवाव्यात. आई, गोळ्यांच्या वेळा तू स्वतः सांग, बाबा टाइप करतील.

तुमची लेक