आरोग्यमंत्री साहेब, माझ्या कार्डात माझी बायको का बसत नाही?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा मंगळवारी बायकोला व्हीलचेअरवर बसवून हॉस्पिटलला नेलं. मी 72 वर्षांचा, ती 66. दोन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, 80 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे. माझ्याकडे तुमचं आयुष्मान वय वंदना कार्ड. 29 ऑक्टोबर 2024 ला ही योजना सुरू झाली, 70 च्या पुढच्या सगळ्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, हे ऐकून मी घरी येऊन तिला म्हटलं होतं, आता काळजी मिटली गं. काउंटरवरची मुलगी कार्ड बघून म्हणाली, काका हे तुमच्या एकट्याचं, काकूंना 70 पूर्ण व्हायला पाहिजेत.

म्हणजे चार वर्षं आजार थांबवून ठेवायचा का साहेब?

मग दिव्यांग ओळखपत्र पुढे केलं, तर त्यावर विमा नसतो. दिव्यांगांच्या आरोग्य विम्याची निरामय योजना विचारली, ती फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच, लकव्याला नाही. मग कोणीतरी म्हणालं रेशनकार्डावर राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसेल, तिचं केवायसी म्हणजे ओळख पडताळणी करा. तिची उजवी मूठ वळलेली आहे, उघडत नाही. ऑपरेटरने अंगठा ओढून मशीनवर दाबला, ती कळवळली, मशीन लाल. परत दाबला, परत लाल. मीच हात बाजूला केला. चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरूनही होतं हे मला घरी आल्यावर भाच्याने सांगितलं, तिथे कोणी सांगितलं नाही.

आणि एवढं करून कळलं काय, तर योजना अॅडमिट झाल्यावरच चालते. डिस्चार्जनंतर 15 दिवसांचं औषध, पुढे तुमचं तुम्ही बघा. तिला ऑपरेशन नकोय हो, तिला रोजची गोळी आणि फिजिओ पाहिजे. महिन्याला 4,200 ची औषधं, फिजिओचे 6,000, आणि कारखान्यात 31 वर्षं काढून माझी पेन्शन 2,640 रुपये. मुलाकडे हात पसरताना कसं वाटतं हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. मीच तिला उचलतो, कूस बदलतो, माझी कंबर गेली तर मला कार्ड आहे, तिला उचलायला कोण आहे?

58 ला घरी पाठवता आणि 70 ला कार्ड देता, मधली 12 वर्षं कोणाच्या हिशोबात? 2016 च्या दिव्यांग कायद्यात, कलम 24 मध्ये, दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना करता येईल असं लिहून ठेवलंय. मग करा ना. विचारलं की तुम्ही म्हणणार ते सामाजिक न्यायवाल्यांकडे, ते म्हणणार आरोग्याकडे, केंद्र म्हणणार राज्याकडे. टॅक्स घेताना मात्र कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही.

दिव्यांगांना वयाची अट काढा, ओपीडीची औषधं आणि फिजिओ योजनेत घ्या. आणि कोणतं कार्ड कोणाला, कशाला चालतं हे मराठीत मोठ्या अक्षरात प्रत्येक हॉस्पिटलच्या दारात लावा, एवढं तरी करा.

फिजिओवाल्या मॅडमना मी सोमवारपर्यंत थांबा म्हटलंय. सोमवारी त्यांना काय सांगू ते कळवा.

एक रिटायर्ड कामगार