ऋण सोडण्याआधी ते मोजावे लागते

माननीय संपादक,
स.न.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की मराठी वृत्तपत्रांतून क्षमेवर चार चांगले लेख येतात. चर्चमध्ये तर त्या चाळीस दिवसांत हा विषय चुकत नाही. पण यातल्या बऱ्याच लेखांत आणि उपदेशांत एक वाक्य हमखास येते: 'विसरून जा आणि क्षमा करा.' ख्रिस्ती घरांतली वडीलधारी माणसेही 'झाले गेले गंगेला मिळाले' म्हणून दुखावलेल्यालाच गप्प बसवतात. चर्चमध्ये समुपदेशन करणाऱ्या आणि समेटाच्या बैठकी घेणाऱ्या आम्हा काही जणांना याविषयी स्पष्ट लिहावेसे वाटते. अशी घाईघाईची क्षमा बायबलमध्ये नाही, आणि तिने माणसे बरीही होत नाहीत.

प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मराठी ख्रिस्ती माणसाला झोपेतही म्हणता येते: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' (मत्तय ६:१२). शब्द ऋणाचा आहे. मूळ ग्रीकमध्येही तिथे देण्याचाच शब्द आहे, आणि 'क्षमा करणे' यासाठी येणाऱ्या क्रियापदाचा साधा अर्थ 'सोडून देणे'. आता ऋण सोडायचे तर आधी ते किती आहे हे माहीत असायला हवे. सावकार वहीत न पाहता 'जा, सोडले' म्हणाला, तर त्याने नेमके काय सोडले हे त्यालाही कळत नाही. मग सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा डोक्यात घोळू लागतो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातल्या निर्दय चाकराच्या दाखल्यात येशूने आकडे दिलेत, आणि आपण ते वाचून पुढे जातो. चाकराचे राजाकडे देणे १० हजार तालांत. दुसऱ्या चाकराचे त्याच्याकडे देणे १०० दिनार. राजाने त्याचे सगळे देणे सोडले, पण त्याने दुसऱ्याचे सोडले नाही. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका तालांतात साधारण ६ हजार दिनार. रोज ५०० रुपये धरला तर पहिले देणे ३ हजार कोटींचे आणि दुसरे ५० हजारांचे. उपदेशात सहसा सांगतात की दुसऱ्याचा अपराध किरकोळ होता. हातावर पोट असलेल्या माणसाला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडणे किरकोळ असते का. तुम्हाला लागलेले काही एवढे मोठे नाही, असे येशूने म्हटलेले नाही. त्याने तुमचे घाव खरे धरले आणि त्याच्या बाजूला देवाने सोडलेली रक्कम मांडली. क्षमा करण्याचे ख्रिस्ती कारण देवाने सोडलेल्या त्या आकड्यात आहे. समोरचा माणूस चांगला आहे की वाईट यावर ते अवलंबून नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला असतो, वही घ्या. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या माणसाने काय केले ते लिहा, पण 'त्याने मला फार त्रास दिला' असे मोघम लिहू नका. 'दोन लाख घेतले, तीन वर्षे तारखा दिल्या, भावकीत मलाच खोटे पाडले' असे एकेक कलम लिहा. उजवीकडे प्रत्येकाने काय गेले ते लिहा: पैसा, झोप, अब्रू, मुलीच्या शाळेचे एक वर्ष. मग प्रत्येक कलमापुढे एक खूण करा, की हे परत मिळण्याजोगे आहे की बुडीत आहे. दोन लाख मिळण्याजोगे आहेत. ते मागावेत, नोटीस द्यावी, आणि त्यात ख्रिस्तविरोधी काही नाही. जक्कय या जकातदाराने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो म्हटले (लूक १९:८), तेव्हा येशूने त्याला 'राहू दे' म्हटले नाही. मुलीचे वर्ष मात्र परत येणार नाही. ते बुडीत खाते आहे, आणि क्षमेचे खरे काम त्याच खात्यावर चालते.

आणखी एक गोष्ट या पानावर लगेच दिसते. देणेकरी कोण ते. दिराने फसवले आणि राग सगळ्या सासरावर, अगदी पाच वर्षांच्या पुतण्यावरही, असे पुष्कळदा झालेले असते. ज्याचे देणे त्याच्याच नावावर लिहा.

त्यानंतर प्रार्थना. रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना बाराव्या वचनापाशी थांबा, त्या माणसाचे नाव मोठ्याने घ्या आणि एकच कलम वाचून सोडा. सगळे पान एका दिवशी सोडायला जाऊ नका, कारण ते होत नाही आणि मग आपली श्रद्धाच कमी पडली असे वाटू लागते. आज सोडलेले कलम पुढच्या आठवड्यात परत आले तर घाबरू नका. एखादा सण, एखादा आवाज, त्याच्या गाडीचा रंग, एवढ्यानेही ते परत येते. पेत्र या शिष्याने 'सात वेळा का?' असे विचारले तेव्हा येशूने साताच्या सत्तर वेळा सांगितले. ते नव्या अपराधांसाठी आहेच, पण एकाच जुन्या अपराधाची क्षमाही तितक्याच वेळा करावी लागते, हे हे काम केलेल्या कोणालाही पटेल. मग त्या माणसासाठी देवाकडे एक नेमकी गोष्ट मागा. 'त्याचे भले कर' असे म्हणून उरकू नका. त्याच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे, ते नीट होऊ दे, असे मागा. लूक ६:२८ सांगते ते हेच, आणि डूख इथे खरोखर सुटू लागतो.

एवढे झाले की लोक समजतात, आता समेट व्हायलाच हवा. इथे सर्वांत मोठी गल्लत होते. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघे लागतात. प्रेषित पौल फार जपून लिहितो: साधेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा (रोम १२:१८). 'साधेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' या दोन्ही अटी त्याने मुद्दाम घातल्या आहेत.

समेटाची रीत मत्तय १८:१५-१७ मध्ये पायरी-पायरीने दिली आहे. आधी एकांतात त्याचा अपराध त्याला सांगायचा. ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर न्यायचे. तरीही नाही तर मंडळीला कळवायचे. आपल्याकडे हे उलटे चालते. आधी मंडळीत बोभाटा होतो, तोही 'प्रार्थनेचा विषय' म्हणून, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला सगळ्यांत शेवटी कळते. एकांतातल्या भेटीसाठी लग्नघर, मयत आणि नाताळची संध्याकाळ टाळा. व्हॉट्सॲपवर हे होत नाही, कारण तिथला मजकूर दहा जणांना जातो. बोलणे तीन वाक्यांत बसवा: काय घडले, त्याने माझे काय झाले, आता मला काय हवे. आणि समोरून माफी आली तर तिच्यात 'पण' आहे का तेवढे ऐका. 'चुकले माझे, पण तूही...' ही माफी नव्हे, तो उलटा दावा आहे. खऱ्या माफीत केलेल्या गोष्टीचे नाव असते आणि भरपाईची तयारी असते. कॅथलिक प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांच्याबरोबर भरपाईचा भाग आहेच. चोरलेले परत न करता नुसते पापनिवेदन करून सुटका होत नाही.

मात्र समेटाच्या रीतीचे हे वचन 'तुझ्या भावाने' असे सुरू होते. दोघे बरोबरीचे असतील, एकमेकांना भीत नसतील, तिथे ते लागू पडते. नवरा मारतो अशा बाईला 'एकांतात जाऊन सांग' म्हणणारा पाळक वचनाचा गैरवापर करतो आहे. अशा बाईसाठी १ शमुवेल २६ वाचावे. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला तो झोपलेला असताना मारले नाही, त्याचा भाला आणि पाण्याचा कुंभ तेवढा उचलला. मग पलीकडच्या डोंगरमाथ्यावर जाऊन, मध्ये पुष्कळ अंतर ठेवून, तिथून त्याला हाक मारली. शौल म्हणाला, 'माझ्या मुला, परत ये.' दावीद गेला नाही. भालाही स्वतः नेऊन दिला नाही, 'तुमच्याकडचा एखादा तरुण येऊन घेऊन जावो' म्हणाला. सूड घेतला नाही, आणि अंतरही सोडले नाही. मारहाण सहन करणाऱ्या बाईला चर्चमध्ये कोणी क्षमेची आठवण करून दिली, तर तिने त्याला हा अध्याय दाखवावा. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१ आहे आणि २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा तिच्या बाजूने आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर 'कुटुंबाने क्षमा केली' हे वाक्य तिथे चालतच नाही. पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे, आणि दुसऱ्याच्या वतीने, तेही लेकराच्या वतीने, क्षमा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यासाठी मुलांचा मदत क्रमांक १०९८.

क्षमा आणि कायदा यांचे भांडण नाही हे दाखवणारी दोन उदाहरणे आपल्याच देशातली आहेत. ओडिशातल्या मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा इथल्या कुष्ठरुग्णांच्या सेवेत त्या २००४ पर्यंत राहिल्या. खटला मात्र चालूच राहिला. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. दुसरे उदाहरण इंदूरजवळचे. गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात भोसकून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ मध्ये. मधल्या सात वर्षांत तो शिक्षा भोगत होता आणि पश्चात्तापापर्यंत आला होता. पुढे त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो सुटला. वृत्तपत्रांत राखीचे छायाचित्र छापले जाते, ती सात वर्षे छापली जात नाहीत. संपादक महोदय, अशी बातमी देताना तीही द्यावीत एवढी आपल्याला विनंती.

आणि पाळकांना व धर्मगुरूंना एक विनंती. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर चर्चमधून बोलले जाते. पहिला उद्गार क्षमेचा: 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' त्यावर बोलायला उभे राहाल तेव्हा समोरच्या बाकांवर नुकतेच कोणीतरी फसवलेले, मारलेले, टाकलेले माणूस बसलेले आहे हे धरून चाला. त्याला सांगा की खिळे ठोकले जात असताना येशूने त्या शिपायांना 'मी तुम्हाला क्षमा केली' असे म्हटल्याचे लूक लिहीत नाही. त्याने ते बापाकडे सोपवले. ज्याच्या तोंडून 'मी क्षमा केली' हे शब्द अजून निघत नाहीत, त्यालाही 'बापा, तू कर' एवढे त्या दुपारी म्हणता येते.

आपले,
चर्चमध्ये समुपदेशनाचे काम करणारे काही जण,
अहिल्यानगर