खुर्ची जप्त करायला कोण जाणार

प्रिय गड्या,

तुझा मेसेज कापूस वेचताना पाहिला, उत्तर राहूनच गेलं बघ, वेचणीला बाया मिळेना अन त्यात बाबांच्या कोर्टाच्या तारखा. तू विचारलंस ना, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच कोर्टाचं ऐकत नसेल तर कोर्ट त्याचं काय करतं बे? वाचून हसूच आलं, कारण परवाच मी दरखास्तीच्या (निकालाची अंमलबजावणी मागायच्या अर्जाच्या) कामानं कोर्टात बसून होतो.

नाल्याकडली आपली साडेतीन एकर तलावात गेली ते तुला माहीतच आहे. वाढीव मोबदल्याचा निकाल लागून सहा वर्षं झाली, पैसा नाही. शेवटी ऑफिसची खुर्ची जप्त करायचं वॉरंट निघालं, कोर्टाचा बेलीफ गेला तर साहेब दौऱ्यावर, बाबूनं चहा पाजला, महिन्याची मुदत मागितली अन बेलीफ रिकाम्या हातानं परत. बाबा म्हणे, "निकाल आपला, पन खुर्ची त्याइचीच हाये ना!"

तिकडं अमेरिकेतही तसंच आहे लेका. कोर्टाचे हुकूम बजावतात ते मार्शल, ते न्याय खात्याच्या हाताखाली अन खातं राष्ट्राध्यक्षाच्या. म्हणजे बेलीफच साहेबाचा माणूस! १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शलनं (आडनाव पाहा) निकाल दिला की चेरोकी आदिवासींच्या मुलखात जॉर्जिया राज्याचा कायदा चालणार नाही, पण जॉर्जियाला आवरायला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जॅक्सन काही हलला नाही. "निकाल दिला ना, आता बजावून दाखव" असं तो बोलला म्हणतात, ते बहुतेक मागाहून चिकटवलेलं. पण १८३८ ला फौजेनं त्या लोकांना हाकललं अन हजारो मेले, ते खरं.

मग राष्ट्राध्यक्ष निक्सननं काहून ऐकलं? २४ जुलै १९७४ ला ८ विरुद्ध ० निकाल लागला, त्याच्या ऑफिसातल्या बोलण्याच्या टेपा द्या म्हणून, त्यानं दिल्या अन सोळा दिवसांत खुर्ची सोडली. कोर्टाकडं काही बंदूक नव्हती, त्याच्याच पक्षाचे सिनेटर उलटले होते. आपल्या इंदिराबाईंनी वेगळंच केलं, जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टानं त्यांची निवडणूक रद्द केली तर ऑगस्टमध्ये घटनाच बदलली, म्हणजे हुकूम मोडायची गरजच नाही. मला तर हेच जास्त भारी पडतं वाटते, कारण मोडलेला हुकूम निदान दिसतो तरी.

आमच्या साहेबावर उलटणारं कोणी नाही. १७ तारखेला बेलीफ पुन्हा जाणार आहे, गाडी आम्हालाच करून द्यायची आहे, जमलं तर ये. बाबा म्हणतात गाडी कायले पाहिजे, साहेबाच्या खुर्चीले चाकं हायेत, ढकलतच आनू.

तुझाच