कितव्या पानावर आहेस?

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या एकटीच्या हातात देता आलं असतं. पण त्या रात्री माझी फजिती आपल्या आकाशदर्शनाच्या गटातल्या सगळ्यांसमोर झाली होती, तेव्हा आभारही सगळ्यांसमोरच मानतो.

अमावस्येच्या आसपासचा शनिवार होता. दुर्बिणी मांडून झाल्या होत्या आणि नऊच्या सुमारास आभाळ भरून आलं. आवरून परत जायचं की ढग सरकायची वाट बघायची, हे कुणालाच ठरवता येईना. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांचा निम्मा वेळ असाच जातो. मग कुणीतरी विषय काढला, सध्या कोण काय वाचतंय? एकेकानं नाव सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याचं नाव ऐकताना प्रत्येक जण आपण काय सांगायचं ते मनात जुळवत होता. माझी पाळी आली तेव्हा मीही विश्वाच्या उत्पत्तीवरच्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव ठोकून दिलं. दोन-तीन जणांनी ‘वा’ म्हटलं. एवढ्यावर सुटलो असतो. पण तुम्ही विचारलंत, “कितव्या पानावर आहेस?”

मी म्हणालो, “शंभरच्या आसपास.”

“बरं, काय चाललंय तिथं?”

ताई, मी दोन महिने पान 38 वर होतो. खूण म्हणून घातलेली चिठ्ठी तिथून हलली नव्हती. मी काहीतरी पुटपुटलो, अंधार होता म्हणून चेहरा कुणाला दिसला नाही. तुम्ही मला उघडं पाडू शकला असतात. त्याऐवजी पिशवीतून तुमचं पुस्तक काढलंत, लाल टॉर्च लावलात आणि म्हणालात, “मी तीन आठवडे या एका परिच्छेदावर अडकलेय. कुणाला कळतंय का बघा.” आणि वाचायला लागलात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा पुरा करतो, त्यामुळे ध्रुवतारा कायमचा एकच नसतो, हे आम्ही सगळे पाठ म्हणून दाखवायचो. पण तो कशामुळे डुलतो, हे तुमच्या परिच्छेदात होतं आणि ते आमच्यापैकी एकालाही धड सांगता येईना. चंद्र-सूर्य ओढतात कशाला, तर पृथ्वीच्या फुगलेल्या कमरेला, एवढ्या एका वाक्यावर आम्ही तासभर भांडलो. ढग कधी गेले ते कळलं नाही.

परत येताना मी गाडीतच पान 38 उघडलं.

तुम्ही काही नियम केला नव्हता, पण त्यानंतर आमच्यात नुसतं नाव सांगणं बंदच झालं. पुस्तक, पान आणि अडलेली जागा. आवडलेली ओळ सांगितली की लोक माना डोलावतात. अडलेली जागा सांगितली की जवळ सरकतात, टॉर्च मागतात, “परत वाच” म्हणतात. मला आधी वाटायचं, वाचलेलं सांगायचं तर पुस्तक संपवून, पचवून सांगावं. पण संपलेल्या पुस्तकाबद्दल आपण जरा निकाल दिल्यासारखंच बोलतो. अर्धवट पुस्तकाबद्दल बोलताना तो रुबाब जमत नाही. (आणि आपल्या छंदातल्या पुस्तकांचा शेवट आधी कळला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. सूर्याचं पुढं काय होणार आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.)

दुसरी गोष्ट देवयानीच्या दिवशीची. रद्दीतून वाचवलेलं एक जुनं पुस्तक मी आणलं होतं. पिवळी पडलेली पानं, मागचं मुखपृष्ठ गायब. त्यातलं देवयानी दीर्घिकेचं (म्हणजे अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह) वर्णन मला इतकं आवडलं होतं, की मी ते उभं राहून वाचलं. शेवटी आकडा आला, अंतर सुमारे साडेसात लाख प्रकाशवर्षं. आपल्यातला कॉलेजचा मुलगा फिस्सकन हसला. “25 लाख. पुस्तक चुकीचं आहे, टाकून द्या.” मला राग आला, तो त्याच्या म्हणण्यापेक्षा त्याच्या हसण्याचा. तुम्ही दोघांनाही थांबवलंत आणि मला म्हणालात, “पुस्तकाच्या नावाच्या पानामागचं पान बघ. साल काय आहे?”

1947.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर तपासून वहीत उतरवून ठेवलंय. ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या 100 इंची दुर्बिणीतून देवयानीचा फोटो काढला. काचेच्या पट्टीवर एका ठिपक्यापाशी त्यानं नवताऱ्याची (अचानक उजळून मग मंदावणाऱ्या ताऱ्याची) खूण केली होती. तो तारा कमी-जास्त तेजस्वी होतोय हे लक्षात आल्यावर ती खूण खोडून तिथं रूपविकारी तारा असं, उद्गारचिन्हासकट लिहिलं. तो सेफीड, म्हणजे ठरावीक लयीत उजळणारा-मंदावणारा तारा, निघाला. हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी 1912 मध्येच दाखवून दिलं होतं, की अशा ताऱ्याला उजळून-मंदावून परत उजळायला जितका जास्त वेळ लागतो, तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. मुळात किती तेजस्वी आणि इथून किती दिसतो, हे दोन्ही कळलं की अंतर निघतं. हिशोब बरोबर होता, पण सेफीड दोन जातींचे असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे विझवलेले असताना वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाला जवळच्या माउंट विल्सनवर काळंकुट्ट आकाश मिळालं. देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे त्याला पहिल्यांदा वेगळे दिसले आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात हे त्यातून पुढं आलं. 1952 मध्ये त्यानं जाहीर केलं, की एका जातीचं माप दुसऱ्या जातीला लावलं गेलंय आणि दीर्घिकांची आपली सगळी अंतरं दुप्पट करायला हवीत.

“म्हणजे पुस्तक चुकीचं नाही,” तुम्ही म्हणालात, “1947 चं आहे.”

पोरगं हुशार, लगेच म्हणालं, “दुप्पट केले तरी 15 लाखच होतात. उरलेले 10 लाख कुठं गेले?” आणि तुम्ही हसून त्याच्याकडे बोट दाखवलंत, “ते तू वाचून येऊन सांग.”

आला, पुढच्या वेळी वाचून आला. पान आणि सालासकट. आता तो कुठलाही आकडा सांगताना आधी छपाईचं साल सांगतो. कधीकधी जरा जास्तच.

तिसरं ऋण तुमच्या पेन्सिलीचं. पुस्तकात काही लिहू नये, पेन्सिलीनंही लिहू नये, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे, यावर आपलं जमणार नाही. पण तुम्ही वाचायला दिलेल्या पुस्तकात वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्याच्या परिच्छेदाशेजारी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘स्वतः बघ’. एवढंच. कुणाला उद्देशून ते लिहिलं नव्हतंत. मी ते माझ्यासाठीच आहे असं धरलं.

मग रोज रात्री गच्चीवर जाऊन बघत बसलो. दुर्बीण लागत नाही. शेजारी झीटा नि एप्सिलॉन असतात, 3.4 आणि 4.2 प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). डेल्टा कधी झीटाच्या जवळपास जातो, कधी उतरून एप्सिलॉनपेक्षाही मंद होतो. पहिले चार दिवस मला काहीच फरक कळला नाही आणि वाटलं, छापलेल्यावर विश्वास ठेवून झोपावं हे बरं. पाचव्या-सहाव्या रात्री तो चक्क झीटाच्या बरोबरीला आला होता. पुस्तकात लिहिलंय, 5 दिवस 8 तास 47 मिनिटांचा फेरा, चढतो भराभर, उतरतो सावकाश. माझ्या वहीतला आलेख वाकडातिकडा आहे, पण चढ उभा आणि उतार लांब आहे हे त्यातही दिसतं. हाच तारा 1784 मध्ये जॉन गुडरिक नावाच्या विशीतल्या मुलानं नुसत्या डोळ्यांनी पकडला होता. त्याला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांनी, 21 व्या वर्षी तो वारला. हे वाचलं त्या रात्री मी आलेखात काही भरलं नाही, नुसता बघत बसलो.

तुमच्या पेन्सिलीखाली मी काही लिहिलेलं नाही. पण चिठ्ठीवर माझी निरीक्षणं उतरवून त्या पानात घातली आहेत. पुस्तक परत करताना ती तशीच राहू देईन. तुम्हाला नको असेल तर काढून टाका.

आणि हो, ते जाडजूड पुस्तक. मी आता पान 214 वर आहे, खरंखुरं. तिथं हेलियमबद्दल एक परिच्छेद आहे, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत सामान्य द्रव्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम झाला आणि मग ते काम थांबलं. का थांबलं, ते मला कळल्यासारखं वाटतं आणि पुस्तक मिटलं की कळेनासं होतं. येत्या शनिवारी आणतोय. टॉर्चचे सेल नवीन घातलेत.

तुमचा,
पान 38 वाला