मॅनेजर मारून दाखवणाऱ्या लॅबवाल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

2012 साली माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, कोणता घ्यावा यातच आठवडा गेला. फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम, विंडो मेकर... स्थळांचे फोटो बघावेत तसे स्क्रीनशॉट बघत बसले होते. शेवटी तुम्हाला विचारलं, "काका, सगळ्यात चांगला कोणता?" तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

तुम्ही लॅबच्या मशीनवरची एक्सइनिटआरसी, म्हणजे पडदा सुरू होताना काय चालवायचं याची फाइल, उघडलीत, सगळं पुसून एकच ओळ ठेवलीत आणि पडदा सुरू करणारी स्टार्टएक्स ही आज्ञा दिलीत. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात उघडाबोडका एक्सटर्म, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. ना चौकट, ना वरची पट्टी. हलवायची तर सोयच नाही. माउसचा बाण बाहेर गेला की टायपिंगही बंद. मग तुम्ही म्हणालात, "आता टीडब्ल्यूएम लिही, पुढे अँपरसँड." टीडब्ल्यूएम हा एक साधा विंडो मॅनेजर, आणि अँपरसँड लावला की प्रोग्रॅम मागे चालत राहतो. एंटर मारताच पट्टी आली, खिडकी सरकायला लागली. "आता त्याला मार." माझा हात थबकला, सगळंच बंद पडेल म्हणून. गेली ती फक्त पट्टी. एक्सटर्म जागच्या जागी, आतली अक्षरंही तशीच.

एक्स ही पडदा चालवणारी प्रणाली, तिचं काम खिडक्या दाखवण्याचं. त्या कुठे, केवढ्या ठेवायच्या हे ठरवणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि तोही चारचौघांसारखाच. नाही पटला तर काढा, दुसरा लावा. पुस्तकातलं एक प्रकरण वाचून जे कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं.

त्यानंतरचा तुमचा प्रश्न: "दिवसभर करतेस काय?" मी खर्चाला म्हणून टायपिंगची कामं घ्यायचे. डावीकडे स्कॅन, उजवीकडे एडिटर, आणि दर पाच मिनिटांनी एक दुसऱ्यावर चढलेला. तुम्ही आयथ्री हा विंडो मॅनेजर लावून दिलात. खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी, सगळं कीबोर्डवरून. पहिले दोन दिवस मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या. गिंप या फोटो-एडिटरच्या सुट्या खिडक्यांनी तर पडद्याची पार चिरफाड केली, 2.8 मध्ये सगळं एका खिडकीत आलं तेव्हा सुटले. मध्येच मला डीडब्ल्यूएम या आणखी एका विंडो मॅनेजरचं वेड लागलं: कोड दोन हजार ओळींच्या आत, पण रंग बदलायचा तरी सी भाषेतली फाइल बदलून पुन्हा कंपाइल करा. तुम्ही एवढंच विचारलंत, "परीक्षा दहा दिवसांवर आली ना गं?"

आता एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर आयथ्रीसारखाच स्वे वापरते. आयथ्रीची सेटिंगची फाइल जवळपास जशीच्या तशी चालली. पण तिथे दाखवणारा आणि मांडणारा एकच आहे. स्वेला मारलं तर सगळ्या खिडक्या घेऊन जातो. म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसातल्या नव्या मुलीने "सगळ्यात चांगला कोणता?" असं विचारलं, तेव्हा एका पडून असलेल्या मशीनवर मुद्दाम एक्स टाकावं लागलं.

उत्तर मीही दिलं नाही. चिडली असावी.

तुमची,
खिडकीजवळच्या मशीनवर बसणारी